क्लास लावून गोल्फ प्रो होता येतं का?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचाय, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना घुसलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ मी बरेचसे काढलेत. सगळे नाही काढले, नाहीतर तुम्हाला वाटेल दुसऱ्याच कोणीतरी लिहिलंय.

थेट १९७६ सालात जाऊ. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस नावाचं जहाजबांधणीचं गाव आहे. तिथे मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाचा एक क्रेन ऑपरेटर राहायचा, वय ४६. दोनेक वर्षांपूर्वी त्याने टीव्हीवर गोल्फ बघितलं आणि त्याला वाटलं, हे आपल्याला जमेल. क्लास लावायला पैसे नव्हते. मग पोस्टाने काठ्यांचा अर्धा सेट मागवला, गावच्या लायब्ररीतून गोल्फ शिकवणारं पुस्तक आणलं आणि समुद्राच्या वाळूत सराव सुरू केला. पूर्ण १८ होलची फेरी त्याने क्वचितच कधी खेळली असेल. तरी त्याने फॉर्म भरला, आणि तोही थेट ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीचा. जगातली सगळ्यात जुनी गोल्फ स्पर्धा!

फॉर्मवर एक प्रश्न होता: अमॅच्युअर की प्रोफेशनल? अमॅच्युअर म्हटलं तर हँडिकॅपचा दाखला जोडावा लागणार, म्हणजे तुम्ही साधारण किती चांगलं खेळता याचं क्लबने दिलेलं प्रमाणपत्र. ते त्याच्याकडे नव्हतं, कारण क्लबच नव्हता. मग त्याने ‘प्रोफेशनल’वर खूण केली. झाला प्रो!

फॉर्म्बीच्या कोर्सवर त्याने त्या दिवशी १२१ फटके मारले, म्हणजे पारपेक्षा ४९ जास्त. ओपनच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट स्कोअर. एका पत्रकाराने त्याच्या आईला फोन केला तेव्हा तिने विचारलं, ‘म्हणजे तो जिंकला का?’ अशी गोष्ट सांगतात. आयोजक मात्र चिडले, त्याच्यावर बंदी घातली आणि नियम कडक केले. मग हा गडी पुढची काही वर्षं खोटी नावं आणि खोट्या मिशा लावून फॉर्म भरत राहिला. त्याच्यावर २०२१ मध्ये सिनेमाही आलाय.

हा किस्सा सगळे हसण्यासाठी सांगतात. मला मात्र त्या फॉर्मवरचा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. प्रोफेशनल म्हणजे नक्की कोण? कारण गोल्फमध्ये या शब्दाचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत जवळजवळ उलटा झालाय. आज एखादा पोरगा प्रो होण्यासाठी कोचला पैसे देतो. मूळ हिशेब असा होता की प्रो म्हणजे ज्याला शिकवण्याचे पैसे मिळतात तो. त्याने स्वतः कधी कुणाला शिकण्याचे पैसे दिलेच नव्हते.

चला स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजला. १८४० च्या आसपास तिथे ॲलन रॉबर्टसन नावाचा माणूस होता. गोल्फचा पहिला प्रोफेशनल म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याचा मुख्य धंदा होता चेंडू बनवण्याचा. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याच्या छोट्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरायची आणि शिवून टाकायची. दिवसभर राबलं तरी मोजकेच चेंडू व्हायचे, त्यामुळे ते महाग. त्याशिवाय तो श्रीमंतांच्या काठ्या वाहायचा, त्यांच्याबरोबर पैज लावून खेळायचा, त्यांना शिकवायचा. त्याच्या हाताखाली एक शिकाऊ पोरगा होता, टॉम मॉरिस. पुढे जगाने त्याला ‘ओल्ड टॉम’ म्हटलं. टॉमने क्लास नव्हता लावला. तो कारागिराकडे राहून काम करत शिकला, जसं आपल्याकडे सोनाराकडे किंवा गॅरेजवर पोरगं राहतं तसं. आधी झाडू मारायचा, मग हत्यारं द्यायची, मग हळूच कधीतरी स्वतः हात लावायचा.

१८४८ च्या सुमाराला गटापर्चाचा चेंडू आला. झाडाच्या चिकापासून बनणारा, स्वस्त आणि टिकाऊ. रॉबर्टसनला तो आपल्या पोटावरचा पाय वाटला. टॉम एकदा तोच चेंडू वापरून खेळला आणि गुरू-शिष्याचं फाटलं. १८५१ मध्ये टॉम प्रेस्टविकला गेला, नवीन कोर्स सांभाळायला. (नव्या टेक्नॉलॉजीमुळे सीनियर आणि ज्युनियरमध्ये भांडण. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे काही नवीन नाही.)

रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला. आता सगळ्यात भारी खेळाडू कोण, हे ठरवायला १८६० मध्ये प्रेस्टविकला स्पर्धा भरवली. तीच पहिली ओपन. आठ जण आले, १२ होलच्या कोर्सवर एकाच दिवशी तीन फेऱ्या खेळले आणि विली पार्क जिंकला. बक्षीस काय, तर चामड्याचा पट्टा. रोख काही नाही. रोख रक्कम आली १८६३ मध्ये, तीही दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याला, कारण जिंकणाऱ्याला पट्टा मिळतोच की! १८६४ मध्ये पहिल्यांदा विजेत्याला पैसे मिळाले, सहा पौंड. जिंकला कोण? ओल्ड टॉम. आणि त्याच वर्षी सेंट अँड्र्यूजने त्याला परत बोलावलं, कोर्सची देखभाल करायला, वर्षाला ५० पौंड पगारावर.

हा हिशेब करून बघा. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकून जे मिळालं, ते गवत राखण्याच्या नोकरीतल्या सहा आठवड्यांच्या पगाराएवढं. म्हणजे प्रोची रोजीरोटी खेळण्यावर नव्हतीच. ती गवतावर, चेंडूंवर, काठ्यांच्या दुरुस्तीवर आणि शिकवणीवर होती. खेळणं ही जाहिरात.

दुसरीकडे ‘अमॅच्युअर’ ही पदवी जपली जात होती. १८८० च्या दशकात अमॅच्युअरची स्पर्धा सुरू झाली तेव्हा नियम केला, की ज्याने विकण्यासाठी काठ्या-चेंडू बनवले, मोठा झाल्यावरही पैसे घेऊन दुसऱ्याच्या काठ्या वाहिल्या किंवा शिकवण्याचे पैसे घेतले, तो अमॅच्युअर नाही. नीट वाचलं तर कळेल, की तुम्ही किती चांगले खेळता याच्याशी या नियमाचा काही संबंध नाही. तुम्ही हाताने काम करून पोट भरता का, एवढाच प्रश्न आहे. आपल्याला हे समजायला फार वेळ लागू नये. कोण कुठल्या दाराने आत येतो आणि कोण बाहेर चपलांजवळ बसतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय.

शिकवणीचे पैसे घेतले की अमॅच्युअर दर्जा जातो, हे काही अपवाद सोडले तर आजही नियमात आहे. उद्या तुम्ही बऱ्यापैकी खेळायला लागलात आणि सोसायटीतल्या काकांना फी घेऊन स्विंग शिकवलात, तर नियमाने तुम्ही अमॅच्युअर उरत नाही. फ्लिटक्रॉफ्टची खूण आणि तुमची ही फी, दोन्हीने एकच गोष्ट होते.

या दाराच्या गोष्टीत एक माणूस घ्यावाच लागतो, वॉल्टर हेगन. अमेरिकन, आधी कॅडी, मग प्रो, आणि कपड्यांचा प्रचंड शौकीन. १९२० मध्ये तो ओपन खेळायला इंग्लंडमध्ये डील इथे गेला. तिथे कळलं की प्रो मंडळींना क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही, कपडे बदलायला प्रोच्या दुकानातली खुंटी आहे. हेगनने भारीपैकी मोटार भाड्याने घेतली, क्लबहाउसच्या समोर उभी केली आणि तिलाच स्वतःची खोली करून टाकलं. खेळात मात्र तो ५३ वा आला. त्याच वर्षी अमेरिकेत, टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी प्रो खेळाडूंना क्लबहाउस उघडून दिलं. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. आत येऊ दिलं म्हणून घड्याळ! मला हा किस्सा जरा खुपतोच. पण त्या काळाच्या मानाने ते मोठं पाऊल होतं, हे मान्य.

आता कॅडी. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

टेक्सासमधलं फोर्ट वर्थ, १९२० चं दशक. बेन होगन नावाचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी स्वतःला गोळी घालून घेतली. ते लोहार होते. मुलगा स्टेशनवर पेपर विकायचा. मग कळलं की ग्लेन गार्डन क्लबवर काठ्या वाहिल्या तर फेरीला ६५ सेंट मिळतात. गेला तिथे. त्याच क्लबवर, त्याच वयाचा दुसरा कॅडी होता बायरन नेल्सन. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली. दोघांची बरोबरी झाली आणि जादाच्या फेरीत नेल्सन जिंकला. पुढे दोघांनी मिळून १४ मेजर जिंकल्या. एका गावातल्या एका क्लबची दोन हमाल पोरं!

होगनला कुणी क्लास लावला नव्हता. तो १७ व्या वर्षी प्रो झाला आणि मग कितीतरी वर्षं नुसता आपटत राहिला. पैसे संपायचे, घरी परत यायचा, नोकरी धरायची, पुन्हा निघायचा. त्याचा चेंडू डावीकडे वळायचा आणि तो वळण काढता काढता त्याची तरुणपणाची वर्षं गेली. एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा १९४० साल उजाडलं होतं. म्हणजे प्रो झाल्यावर दहा वर्षांनी. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाची ही गोष्ट. ‘एक वर्ष ब्रेक घेऊन ट्राय करतो’ म्हणणाऱ्यांनी हा दहाचा आकडा लिहून ठेवावा.

कॅडीला काय मिळत होतं? फी न देता कोर्सवर रोज सात-आठ तास. चांगल्या खेळाडूच्या दोन हातांवरून त्याचा स्विंग बघायला मिळतो. वारा कसा, उतार कुठे, गवत ओलं असलं की चेंडू किती धावतो, हे पायांना कळतं. आणि खूप ठिकाणी आठवड्यात एक दिवस, बहुतेक सोमवारी, कॅडींना खेळायची मुभा असते. आज हे सगळं विकत घ्यायला गेलात तर क्लबची मेंबरशिप, कोचची फी आणि रेंजवरच्या बादलीभर चेंडूंचे पैसे यांची बेरीज करा. कॅडीला तेच मजुरीसकट मिळत होतं. मिळत नव्हतं ते फक्त आत जायचं दार.

आणि ते दार किती घट्ट बंद असू शकतं? अमेरिकेच्या पीजीए या प्रोफेशनल संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी, असं लेखी कलम होतं. चार्ली सिफर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू शार्लटमध्ये कॅडी म्हणून शिकलेला. कलम गेलं तेव्हा त्याची ऐन उमेदीची वर्षं सरली होती. तरी १९६७ मध्ये त्याने हार्टफर्डची स्पर्धा जिंकली.

आपल्याला जवळची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. डरबनमध्ये सेवसंकर सेवगोलम, लाडाचं नाव पापवा. भारतीय मजुरांच्या वंशातला, शाळेत न शिकलेला, कॅडीचं काम करणारा. काठी धरायची त्याची पद्धत सगळ्या जगापेक्षा उलटी होती, डावा हात खाली, उजवा वर. कुठलाही कोच पहिल्या तासाला ती मोडून काढेल. पण शिकवायला कुणी नव्हतंच, त्यामुळे मोडणारंही कुणी नव्हतं! एका गोऱ्या व्यावसायिकाने त्याला युरोपला नेलं आणि १९५९ मध्ये तो डच ओपन जिंकला. १९६० ला पुन्हा. नंतर १९६४ ला आणखी एकदा.

मधल्या काळात, १९६३ मध्ये, तो घरच्याच गावी डरबन कंट्री क्लबवर नताल ओपन जिंकला. बक्षीस समारंभाला पाऊस आला. वर्णभेदाच्या कायद्यामुळे भारतीयाला क्लबहाउसच्या आत नेता येत नव्हतं. बाकीचे गोरे खेळाडू आत कोरडे, आणि विजेता बाहेर पावसात उभा राहून चषक घेतोय. तो फोटो जगभर गेला. १९६५ मध्ये गॅरी प्लेअर मैदानात असताना त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर सरकारने त्याला अशा स्पर्धांतून बाहेरच ठेवलं. १९७८ मध्ये तो गेला, गरिबीत.

भारतात काय होतं? इथे गोल्फ फार लवकर आलं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला होता. पण या दोनशे वर्षांत खेळणारे वेगळे आणि काठ्या वाहणारे वेगळे, ही वाटणी पक्की होती. इंडियन ओपन १९६४ ला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी बिलू सेठी हे अमॅच्युअर ती जिंकले. पुढचा भारतीय विजेता यायला १९९१ उजाडलं. तो अली शेर, कॅडी म्हणून सुरुवात केलेला दिल्लीचा माणूस, दिल्ली गोल्फ क्लबवरच जिंकला. ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो. दोन वर्षांनी पुन्हा जिंकला, म्हणजे नशीब वगैरे म्हणायची सोय नाही.

आणि एसएसपी चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्त्यात माळी होते, ग्रीन राखणारे. पोरगं तिथेच बघत बघत शिकलं, कोच नाही. दांडगाईने लांब मारणाऱ्यांच्या जमान्यात त्याची ताकद म्हणजे ग्रीनजवळचे नाजूक फटके. इतके, की चिप आणि पट यावरून मित्रांनी त्याचं नाव ‘चिपटशिया’ पाडलं. २००८ मध्ये दिल्लीत युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स तो जिंकला, नंतर २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन. ओल्ड टॉम गवत राखत राखत प्रो झाला, हा गवत राखणाऱ्याचा मुलगा. मध्ये दीड शतक, पण रस्ता तोच.

मग क्लास लावायची पद्धत कुठून आली? अमेरिकेतल्या मध्यमवर्गातून, असं माझं मत. ओहायोमधल्या कोलंबसला सायोटो कंट्री क्लब आहे. १९५० मध्ये तिथे जॅक ग्राउट नावाचा नवीन प्रो आला आणि त्याने मुलांचा ग्रुप क्लास काढला. एका फार्मासिस्टने आपला दहा वर्षांचा मुलगा त्यात घातला. मुलाचं नाव जॅक निकलस. पुढे १८ मेजर. गंमत म्हणजे ग्राउट स्वतः तरुणपणी फोर्ट वर्थच्या त्याच ग्लेन गार्डन क्लबवर होता आणि होगन-नेल्सनबरोबर हिंडलेला. म्हणजे कॅडींनी पोटासाठी खणून काढलेलं ज्ञान एका पिढीत फी भरून मिळायला लागलं. माझ्या दृष्टीने इथे सगळं बदललं.

दुसरा बदल १९६८ चा. तोवर अमेरिकेत शिकवणारे प्रो आणि स्पर्धा खेळणारे प्रो एकाच संघटनेत होते. टीव्हीचे पैसे यायला लागले आणि हे पैसे कोणाचे, यावरून खेळणारे वेगळे झाले. आजची पीजीए टूर ही त्या फुटीतून आलेली. ‘प्रो’ या एका शब्दाचे तिथे दोन शब्द झाले, पण आपण बोलताना अजून एकच वापरतो आणि घोळ होतो. अमेरिकेत शिकवणारा प्रो व्हायचं असेल तर एक खेळायची परीक्षा असते. एका दिवसात ३६ होल, आणि कोर्सच्या रेटिंगच्या दुपटीत १५ मिळवून जो आकडा येईल त्याच्या आत राहायचं. रेटिंग ७२ असेल तर दोन फेऱ्यांत १५९. हे अवघड आहे, पण मेहनतीने माणूस पोचू शकतो. टूरवर मात्र दोन फेऱ्यांत १५९ मारणारा शुक्रवारी संध्याकाळी घरी जातो, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने.

मग १९८५ च्या सुमाराला निक फाल्डो आला. आधीच नावाजलेला, जिंकलेला खेळाडू. तो डेव्हिड लेडबेटर नावाच्या कोचकडे गेला आणि म्हणाला माझा स्विंग पाडून नव्याने बांध. दोनेक वर्षं काहीच जमेना. १९८७ च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी १८ च्या १८ होल पार, आणि विजेता. लेडबेटर स्वतः काही मोठा खेळाडू नव्हता. पण यानंतर कोच हा स्टार झाला, ॲकॅडम्या निघाल्या आणि पैशाचा प्रवाह पूर्ण उलटा फिरला. पूर्वी हौशी माणूस प्रोला फी द्यायचा. आता प्रो, आणि प्रो व्हायची आशा असलेला प्रत्येक जण, कोचला फी देतो.

हा सगळा इतिहास मी का उकरला? आमच्या ऑफिसमध्ये एक मित्र आहे, माझ्याच वयाचा, २९. गेली दोन वर्षं शनिवार-रविवार कोचकडे जातो. त्याचा महिन्याचा गोल्फचा खर्च त्याच्या कारच्या हप्त्याएवढा आहे. मध्यंतरी चहाला बसलो असताना तो म्हणाला, ‘अरे, नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला तर पाच-सहा वर्षांत होईल ना?’ घरी बायकोला अजून सांगितलेलं नव्हतं. मी हसलो नाही. जेईईसाठी आई-बापांनी दोन वर्षांची फी एकदम भरलेली पोरं मी पाहिलीत, मीही त्यातलाच. फी भरली की जागा मिळणारच, हे आपल्या पिढीच्या हाडात मुरलंय. गोल्फला ते लागू होतं का, एवढाच प्रश्न होता.

आणि हा प्रयोग एका माणसाने करून बघितलाय. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा डॅन मॅक्लॉफ्लिन, फोटोग्राफर. एप्रिल २०१० मध्ये, तिशीला आलेला असताना, नोकरी सोडली. गोल्फ जवळजवळ खेळलेलाच नव्हता. १९९३ च्या ॲन्डर्स एरिक्सन यांच्या व्हायोलिनवादकांवरच्या अभ्यासातून पुढे दहा हजार तासांची कल्पना लोकप्रिय झाली होती. डॅनने ठरवलं, दहा हजार तास शिस्तीत सराव करायचा आणि टूरवर पोचायचं. कोच घेतला. कोचने सुरुवातीचे महिने त्याच्या हातात फक्त पटर दिला, होलपासून सुरू करून मागे मागे यायचं. सहा हजार तासांच्या आसपास पाठ गेली आणि २०१५ मध्ये प्रयोग थांबला. तोवर त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला होता. हा आकडा हौशी खेळाडूंमध्ये अफलातून आहे, जगातले बहुतेक गोल्फर तिथे आयुष्यात पोचत नाहीत. पण टूरवरचे लोक शून्याच्याही पलीकडे, प्लसमध्ये असतात. २.६ वरून तिथे जाणं हे पहिल्या प्रवासापेक्षा अवघड. ज्याने फ्रेशरपासून सीनियर होताना फटाफट उड्या मारल्या आणि मग वर्षानुवर्षं तिथेच अडकला, त्याला हे समजावून सांगायला नको.

मी मित्राला गणित करून दाखवलं. वीकेंडला मिळून आठ तास धरले तर दहा हजार तासांना १,२५० आठवडे, म्हणजे २४ वर्षं. तो ५३ चा होईल. सीनियर टूर पन्नाशीला सुरू होते, तिथेही तीन वर्षं उशीर! नोकरी सोडून आठवड्याला तीस तास दिले तर साडेसहा वर्षांच्या जवळपास. पण मग फी कुठून भरायची?

पैशाची दुसरी बाजूही सांगतो. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात. साधारण ६५ व्या क्रमांकाला अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. त्याच्याखाली शून्य. प्रवास, हॉटेल, कॅडी हे तुमच्या खिशातून. आणि तिथे पोचायला आधी क्वालिफाइंग स्कूल, नावात स्कूल असलं तरी शिकवत कुणी नाही, नुसती परीक्षा असते आणि परीक्षेची फी हजारो डॉलर. आपल्याकडे २००६ पासून पीजीटीआय ही टूर आहे, तिचीही अशीच पात्रता फेरी असते. म्हणजे दार आता उघडं आहे. जात नाही विचारत, रंग नाही विचारत, फी विचारतं. पापवाकडे तास होते, कोर्स होता, दार नव्हतं. माझ्या मित्राकडे दाराची फी आहे, तास नाहीत. मला वाटतं कोचची फी ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, आणि आपण तिचाच हिशेब करत बसतो.

आता कुणी म्हणेल, उशिरा सुरू करून कुणीच झालं नाही का? झालेत. लॅरी नेल्सन व्हिएतनाममधून परत आला, एकविसाव्या वर्षी काठी हातात घेतली, होगनचं पुस्तक वाचून शिकला आणि तीन मेजर जिंकला. आपला उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळला. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतली म्हणून जागा मिळाली. पण जागा रिकामी होते तेव्हा रांगेत उभं असायला आधीची कित्येक वर्षं देशातल्या छोट्या-मोठ्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात.

आणि सगळ्यात भारी गोष्ट कोरियाच्या यांग योंग-उनची. शेतकऱ्याचा मुलगा, त्याला बॉडीबिल्डर व्हायचं होतं, गुडघा गेला. एकोणिसाव्या वर्षी जेजू बेटावरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर त्याला काम मिळालं, चेंडू गोळा करायचं. रेंज रिकामी झाली की तो तेच चेंडू मारून बघायचा. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या दिवशी टायगर वुड्स दोन फटक्यांनी पुढे होता. मेजरच्या शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना टायगर तोवर एकदाही हरलेला नव्हता. यांगने त्याला हरवलं. पुरुषांची मेजर जिंकणारा आशियात जन्मलेला तो पहिला खेळाडू, वय ३७.

मित्राने अजून राजीनामा दिलेला नाही. परवा विचारत होता, रेंजवर पार्टटाइम काम मिळेल का म्हणून. मी म्हटलं, आधी घरी सांग.

गोल्फ खेळणारं कुणी ओळखीचं असेल तर हा भाग पाठवा, आणि कॅडी म्हणून काम केलेलं कुणी घरात असेल तर मला नक्की व्हॉइस नोट टाका. पुढच्या भागात भेटू.